फिरत्या शौचालयाच्या टाकीचा वॉल्व्ह: ओळख, देखभाल आणि बदली

सार्वजनिक गणेशोत्सव, महाप्रसाद, लग्नकार्य, हळदीकुंकवाचा मोठा मेळावा किंवा वणीच्या गडावर आणि शिर्डीला जाणारी पदयात्रा, यांपैकी कोणत्याही कार्यक्रमात आता मांडव आणि माईकच्या जोडीला फिरते शौचालयही लागते. चाकांवरची ही ट्रॉली जीप किंवा ट्रॅक्टरला जोडून आणतात. ती ठरवताना कार्यकर्ते दारांच्या कड्या, दिवा आणि पाण्याची टाकी बघतात. ट्रॉलीखाली वाकून मैलाटाकीचा वॉल्व्ह मात्र सहसा कोणी बघत नाही.

वॉल्व्ह बिघडतो तो दोन प्रकारे. तो नीट बंद होत नाही आणि घाण पाणी ठिबकते, किंवा तो उघडतच नाही आणि टाकी भरून वर येते. दोन्ही वेळा कार्यकर्त्यांची धावपळ होते, कोणाला तरी बोलावले जाते आणि "जरा आत हात घालून बघ" असे सांगितले जाते. हे वाक्य कोणाला उच्चारावे लागू नये, एवढ्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. मंडळाचे कार्यकर्ते, पदयात्रा संघ आणि घरचे कार्य काढणारे सभासद या सर्वांना ती उपयोगी पडेल.

थोडी पार्श्वभूमी

आपल्या लोकांना चालत्या मुक्कामाची सवय शतकांची आहे. देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंतची आषाढी वारी पंधरा दिवसांहून अधिक चालते आणि रोज नव्या गावी लाखो माणसे उतरतात. पूर्वी मुक्कामाच्या गावाचे रान हेच शौचालय असे. दिंडी पुढे गेली की मागे राहिलेली घाण गावाने सोसायची. २०१५ पासून 'निर्मल वारी' उपक्रमातून मुक्कामाच्या ठिकाणी तात्पुरती शौचालये उभी राहू लागली. त्यांच्यासोबत मैला उपसणाऱ्या गाड्याही आल्या.

रेल्वेतही असाच बदल झाला. सुरत-भुसावळ मार्गाने खानदेशात जाणाऱ्या आपल्या जुन्या पिढीने डब्यातला मैला थेट रुळांवर पडताना पाहिला आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या, मदतीने रेल्वेने जैवशौचालये तयार केली आणि २०११ नंतर ती डब्यांत बसू लागली. डब्याखालच्या पोलादी टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या गाड्यांतही मैल्याची आणि सांडपाण्याची सोय गाडीतच करावी लागते.

म्हणजे घर चालू लागले की मैलाटाकीही सोबत चालते. आणि जिथे टाकी आली, तिथे ती रिकामी करण्याचे तोंड आले आणि त्या तोंडाला वॉल्व्ह आला.

टाकीची रचना

ट्रॉलीत दोन टाक्या असतात. वरच्या टाकीत स्वच्छ पाणी असते आणि खालच्या टाकीत मैला. मैलाटाकी लोखंडी, स्टेनलेस स्टीलची, फायबरची किंवा जाड प्लॅस्टिकची असते. तिला चार गोष्टी असायला हव्यात.

१. शौचकुपांतून येणारे पाइप.
२. वायू बाहेर जाण्यासाठी छताच्या वर गेलेला व्हेंट पाइप.
३. वरून पाहण्यासाठी आणि उपसण्यासाठी झाकण.
४. तळाशी मैला सोडण्याचे तोंड. त्यावर वॉल्व्ह आणि वॉल्व्हच्या पुढे आट्यांचे किंवा कपलिंगचे टोपण.

चौथ्या गोष्टीतील टोपण पुष्कळदा हरवलेले असते. वॉल्व्ह हे पहिले कुलूप आणि टोपण हे दुसरे. पहिले कुलूप थोडे सैल असले तरी दुसरे असेल तर मांडवात घाण पसरत नाही.

टाकी किती पुरेल याचा हिशेब आधी करावा. समजा टाकी १,००० लिटरची आहे आणि एका वापरामागे सरासरी ४ लिटर पाणी धरले. मग २५० वापरांत टाकी काठोकाठ भरते. तीन चतुर्थांश भरली की रिकामी करायची असा नियम ठेवला, तर १९० च्या आसपास वापर मिळतात. महाप्रसादाला हजार माणसे येणार असतील, तर टाकी दिवसातून किती वेळा उपसावी लागेल हे यावरून कळेल. १,००० लिटर म्हणजे एक टन वजन हेही ध्यानात ठेवावे. भरलेली टाकी ओढत नेली, तर प्रत्येक गतिरोधकावर ते वजन वॉल्व्हच्या जोडावर आदळते. म्हणून ट्रॉली टाकी रिकामी करूनच हलवावी.

वॉल्व्हचे प्रकार

*स्लाइड वॉल्व्ह.* म्हणजे पात्याचा वॉल्व्ह. दोन अर्ध्या कवचांमध्ये एक सपाट पाते मागेपुढे सरकते. दांडी ओढली की तोंड पूर्ण उघडते, ढकलली की बंद. पात्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असते आणि कवचे बहुधा चार नटबोल्टनी आवळलेली असतात. परदेशी कॅरॅव्हॅनमध्ये हाच सर्रास आढळतो. मैल्यासाठी हा उत्तम, कारण उघडल्यावर वाटेत काही उरत नाही, आणि सील किंवा पाते बदलून तो पुन्हा चालू करता येतो.

*बॉल वॉल्व्ह.* आत आरपार भोक असलेला गोळा असतो. दांडी पाव फेरा फिरवली की उघडतो. आपल्याकडे पीव्हीसीचा बॉल वॉल्व्ह सगळ्यांत सहज मिळतो. काम चांगले देतो, मात्र पुरेशा मोठ्या मापाचा आणि पूर्ण भोकाचा घ्यावा. बराच काळ न फिरवल्यास गोळा घट्ट बसतो. जोर लावला की दांडी तुटते, गोळा तिथेच राहतो.

*गेट वॉल्व्ह.* चाक फिरवून पडदा वर-खाली करायचा. स्वच्छ पाण्याच्या लाइनवर तो वर्षानुवर्षे टिकतो. मैल्यात मात्र पडदा ज्या खाचेत बसतो तिथे खडे आणि गाळ साचतो. चाक पूर्ण फिरले तरी पडदा खाली टेकत नाही आणि ठिबकणे सुरू होते.

*बटरफ्लाय वॉल्व्ह.* यातली चकती उघडल्यावरही प्रवाहाच्या मध्यभागीच उभी राहते. कापड, केस, पॅड तिला गुंडाळून बसतात. मैल्याच्या टाकीवर हा नसलेलाच बरा.

वॉल्व्ह का बिघडतो

पहिले कारण म्हणजे शौचकुपात टाकलेल्या वस्तू. गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, लहान मुलांचे डायपर, पाण्याच्या छोट्या बाटल्या. पुडी पातळ असते, पण ती पाते आणि सील यांच्या मध्ये अडकली की पाते शेवटचा अर्धा सेंटिमीटर बंद होत नाही. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक शौचकुपात झाकणाचा डबा आणि दारावर ठळक अक्षरांत मराठी, गुजराती आणि हिंदी सूचना. स्त्रियांच्या बाजूला डबा नसेल तर पॅड टाकीत जाणारच. त्याचा दोष वापरणाऱ्या भगिनींना देऊ नये.

दुसरे कारण म्हणजे क्षार. मूत्रातले क्षार आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार मिळून पात्यावर दगडासारखा थर बसतो.

तिसरे कारण म्हणजे कोरडेपणा. वर्षातले दहा महिने ट्रॉली उन्हात उभी असते. रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. वापरापेक्षा न वापरण्यानेच वॉल्व्ह अधिक खराब होतात.

चौथे कारण म्हणजे वॉल्व्ह सतत उघडा ठेवणे. ट्रॉली चेंबरला जोडलेली असेल तर काही जण वॉल्व्ह उघडाच सोडतात. त्यामुळे पाणी निघून जाते आणि घट्ट मैला शौचकुपाखाली ढिगासारखा साचतो. वॉल्व्ह बंद ठेवून टाकीत पाणी साठू द्यावे आणि मग एकदम सोडावे. पाण्याच्या लोंढ्याबरोबर घट्ट भागही निघून जातो. टाकी रिकामी केल्यावर लगेच दोन-तीन बादल्या स्वच्छ पाणी आत टाकून ठेवावे.

बिघाड कसा ओळखावा

- टोपण काढताच पाणी बाहेर येते: सील गेले आहे किंवा काहीतरी अडकले आहे.
- दांडी अर्ध्यावर अडते: क्षार किंवा घट्ट मैला.
- दांडी अगदी हलकी सरकते, पण आत काहीच घडत नाही: दांडी पात्यापासून सुटली आहे किंवा गोळ्याचा खिळा तुटला आहे.
- वॉल्व्ह कोरडा आहे, पण त्याच्या वरच्या जोडातून पाझर आहे: दोष टाकीच्या फ्लँजचा किंवा सांध्याचा आहे. नवा वॉल्व्ह आणून उपयोग नाही.

दांडी अडली म्हणून हातोडा मारू नये. टाकीत वरून दोन-तीन बादल्या कोमट पाणी सोडून अर्धा तास थांबावे आणि दांडी थोडी मागे, थोडी पुढे करत राहावे. क्षाराचा थर ओला झाला की पुष्कळदा काम होते.

आधी माणसाचा जीव

हा भाग कृपा करून वगळू नये. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणून "आता वास येत नाही, वायू गेला असेल" हा समज घातक आहे. हवेत दहा लाखांत काहीशे भाग एवढे प्रमाण झाले तरी जीव धोक्यात येतो आणि त्याहून वाढले तर माणूस काही क्षणांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. मिथेन पेट घेतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे झाकणाजवळ विडी, उदबत्ती, आरतीचे निरांजन किंवा वेल्डिंग काहीही नको. तोंडाला रुमाल बांधल्याने यापैकी एकही वायू अडत नाही.

मैलाटाकीतल्या अपघातांच्या बातम्या वाचल्या की पुष्कळ ठिकाणी एकच क्रम दिसतो. एक जण उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून नियम एकच ठेवावा: टाकीच्या झाकणातून डोके, खांदा किंवा हात आत जाणार नाही. कोणाचाही नाही, एक मिनिटासाठीही नाही. कोणी पडलेच तर त्याच्यामागे उतरू नये. १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

कायदाही हेच सांगतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामाला लावता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख केली. चाकांवरच्या टाकीला कायद्याची व्याख्या लागू होते की नाही यावर वकील वाद घालतील. विषारी वायूला मात्र टाकी जमिनीत आहे की चाकांवर, याने काही फरक पडत नाही.

"अप्रत्यक्ष" हा शब्द कार्यकर्त्यांनी नीट वाचावा. "आम्ही कंत्राटदाराला सांगितले होते, त्याने कोणाला पाठवले आम्हाला काय ठाऊक" हे उत्तर पुरेसे नाही.

टाकी कुठे रिकामी करावी

वॉल्व्ह बदलण्याआधी टाकी पूर्ण रिकामी हवी. ते काम पंप असलेल्या सक्शन गाडीने करावे. महापालिकेच्या झोन ऑफिसमधील ड्रेनेज विभागाकडे आधी अर्ज किंवा फोन करून मैला कुठे सोडायचा हे विचारून घ्यावे. गटार आणि सेप्टिक टँकच्या सफाईबाबत १४४२० हा मदत क्रमांकही आहे.

रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात मैला कधीही सोडू नये. ड्रेनेजची लाइन प्रक्रिया केंद्राकडे जाते. पावसाळी गटार मात्र प्रक्रियेविना खाडीला किंवा तापीला मिळते. लिंबायतच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मिठी खाडीत सोडलेली घाण अतिवृष्टीत आपल्याच उंबऱ्यावर परत येते. उलट ड्रेनेजच्या लाइनमध्ये गेलेले पाणी कामाला येते. बमरोलीच्या केंद्रात प्रक्रिया केलेले सांडपाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवले जाते. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगच्या भीतीने हे शहर कसे रिकामे झाले होते हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. त्याच सुरतेने २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळवला. आपल्या उत्सवाने त्याला डाग लागू नये.

आणखी एक गोष्ट. वास मारण्यासाठी टाकीत फॉर्मेलिनसारखी तीव्र रसायने ओतू नयेत. प्रक्रिया केंद्रातले उपयुक्त जिवाणू त्याने मरतात.

सामान आणि मापे

वॉल्व्ह आणायला जाताना नुसते "चार इंची द्या" म्हणू नये. ४ इंची लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण ज्याला बाजारात चार इंची म्हणतात तो पीव्हीसी पाइप ११० मिलिमीटरचा असतो. चार मिलिमीटरचा हा फरक सोल्युशनने किंवा एम-सीलने भरून निघत नाही. ३ इंचीच्या बाबतीतही असेच आहे: लोखंडी सुमारे ८९ आणि पीव्हीसीत ७५ किंवा ९०. म्हणून पुढील मापे कागदावर लिहून न्यावीत.

१. पाइपचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये.
२. फ्लँज असल्यास बोल्टची संख्या आणि समोरासमोरच्या दोन बोल्टांमधील अंतर.
३. वॉल्व्हची एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची लांबी.
४. दांडीला बाहेर यायला किती जागा आहे.

शक्य तर जुना वॉल्व्ह धुऊन सोबत न्यावा किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. स्लाइड वॉल्व्ह असेल तर दोन्ही बाजूंची सील एकाच वेळी बदलावीत. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. बॉल वॉल्व्ह घेताना दोन्ही बाजूंना युनियन असलेला घ्यावा. थोडा महाग पडतो, पण पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही.

हत्यारे: दोन पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, प्लॅस्टिकची खरवड, ताठ केसांचा ब्रश, सिलिकॉन ग्रीस, बादल्या, ताडपत्री, जुनी वर्तमानपत्रे. गाडीचे साधे ग्रीस रबराला लावू नये, काही प्रकारचे रबर त्याने फुगते.

अंगावर: कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट, डोळ्यांवर चष्मा किंवा समोरचा पारदर्शक पडदा, प्लॅस्टिकचा एप्रन. हातापायाला जखम असलेल्याने हे काम करू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले असावे. पावसाळ्यात दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून पसरतो, तेव्हा ट्रॉलीखालच्या चिखलात अनवाणी शिरू नये.

बदलण्याची कृती

१. जागा. ट्रॉली पक्क्या, सपाट जमिनीवर, मोकळ्या हवेत उभी करावी. स्वयंपाकाचा मांडव आणि मुले दूर. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत.

२. उपसणे. सक्शन गाडीने टाकी रिकामी करावी. त्या वेळी व्हेंट पाइप मोकळा आहे याची खात्री करावी, नाहीतर पंपाच्या ओढीने प्लॅस्टिकची टाकी आत चेपते. नंतर वरून स्वच्छ पाणी सोडून पुन्हा उपसावे. असे तीनदा करावे. तिसऱ्या वेळी निघणारे पाणी जवळपास नितळ हवे.

३. उतार. आता ट्रॉलीची वॉल्व्हकडची बाजू थोडी वर करून भक्कम आधार द्यावा, म्हणजे टाकीत राहिलेले पाणी मागे सरकेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. खाली ताडपत्री आणि बादली ठेवावी.

४. सोडवणे. दांडी आणि बोल्टांचा फोटो घ्यावा. बोल्ट एकदम न काढता सगळे थोडे थोडे सैल करावेत. फटीतून पाणी येत असेल तर ते बादलीत पूर्ण निथळू द्यावे, मगच पुढचे पाऊल. गंजलेला बोल्ट कापताना ठिणगी उडवणारे ग्राइंडर वापरू नये. हातकरवतीने कापावा.

५. साफ करणे. फ्लँजची तोंडे खरवडून ब्रशने घासावीत. तिथे क्षाराचा एक कण राहिला तरी नवे सील बसत नाही. धातूचे टोकदार हत्यार वापरून प्लॅस्टिकवर ओरखडे पाडू नयेत.

६. बसवणे. सीलची खाच आणि ओठ कोणत्या बाजूला आहे हे पाहून ते जागेवर बसवावे. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. वॉल्व्ह बंद स्थितीत फ्लँजच्या मध्ये सरकवावा. सील दुमडले नाही ना, हे सभोवार नजर टाकून पाहावे.

७. आवळणे. सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत. मग पान्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडे थोडे आवळावे. एकच कोपरा पूर्ण आवळला तर कवच तिरके बसते आणि जास्त जोर दिला तर प्लॅस्टिक तडकते. आवळल्यावर दांडी दोन-तीनदा सरकवून पाहावी. जड वाटली तर बोल्ट किंचित सैल करावेत.

८. चिकटवलेला जोड असल्यास. पाइप सरळ कापावा, कड घासावी, कोरडी करावी, सोल्युशन लावून एका दमात आत बसवावे आणि काही सेकंद दाबून धरावे. पाणी भरण्याआधी २४ तास थांबावे. "उद्या उत्सव आहे, आज भरून टाकू" असे करू नये.

९. चाचणी. आधार काढून ट्रॉली पुन्हा सपाट करावी. टाकी पाव भाग स्वच्छ पाण्याने भरावी. वॉल्व्हखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून तासभर थांबावे. एकही थेंब असेल तर कागदावर डाग दिसतो. मग वॉल्व्ह उघडून पाणी सोडावे, पुन्हा बंद करून भरावे. तीनदा असे झाले की शेवटचे पाणी रात्रभर ठेवावे. सकाळी कागद कोरडा असेल तर काम झाले.

१०. निर्जंतुक करणे. आधी सगळे साध्या पाण्याने धुवावे. मग एक लिटर पाण्यात साधारण ३० ते ३५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण करून जमीन आणि हत्यारे पुसावीत. शौचालय साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मूत्र साचलेल्या जागीही न धुता थेट ब्लीचिंग टाकू नये.

हे काम अनुभवी प्लंबरकडून करून घेणे उत्तम. तरी कार्यकर्त्याला पायऱ्या माहीत असाव्यात, म्हणजे प्लंबर घाई करत असेल तर थांबवता येते.

ऐन कार्यक्रमात बिघडल्यास

*वॉल्व्ह ठिबकतो आहे:* वॉल्व्ह उघडू नये. पुढचे टोपण घट्ट लावावे, खाली टब ठेवावा, तेवढ्या शौचकुपांचा वापर थांबवावा आणि सक्शन गाडी बोलवावी. टोपणाच्या जागी बसेल असा, टोपणासारख्याच आट्यांचा किंवा कपलिंगचा, दुसरा वॉल्व्ह तयार ठेवला असेल तर टोपणाऐवजी तो लावता येतो. जुना वॉल्व्ह तसाच राहतो आणि नवा त्याचे काम करतो. टोपण काढताना त्यामागे साचलेले पाणी बाहेर येणार हे धरून बादली ठेवावी.

*वॉल्व्ह उघडत नाही आणि टाकी भरली आहे:* सर्वांत धोक्याची वेळ हीच, कारण इथेच कोणी तरी आत हात घालायला तयार होतो. शौचकूप बंद करावेत. वरच्या झाकणातून सक्शन गाडीचा नळ आत सोडावा आणि टाकी वरूनच उपसावी. नळ आत जाईल, माणूस नाही. झाकण उघडताना वाऱ्याच्या दिशेला पाठ असावी आणि तोंड झाकणावर आणू नये. वॉल्व्हची दुरुस्ती कार्यक्रमानंतर, टाकी धुऊन.

गाडी यायला तीन तास लागणार असतील तर तीन तास शौचालय बंद राहील. पाहुण्यांची गैरसोय होईल, शेजारच्या घरांना विनंती करावी लागेल. ती गैरसोय सोसावी.

भाड्याने घेताना विचारायच्या गोष्टी

मालकाशी पैशांचे बोलणे होण्याआधी पुढील यादी हातात असावी.

- मैलाटाकी किती लिटरची आहे?
- वॉल्व्ह कोणत्या प्रकारचा, शेवटचा केव्हा बदलला?
- वॉल्व्ह आपल्यासमोर उघडून आणि बंद करून दाखवला का?
- टोपण जागेवर आहे का?
- व्हेंट पाइप छताच्या वर जातो का, त्याचे तोंड मोकळे आहे का?
- वरचे झाकण सक्शन नळ जाईल एवढे आहे का, आणि त्याला कुलूप लागते का?
- टाकी कोण उपसणार, कोणत्या गाडीने, मैला कुठे सोडणार?
- जादा सील आणि एक जादा वॉल्व्ह सोबत आहे का?
- करारात "टाकीत माणूस उतरवला जाणार नाही" हे वाक्य आहे का?

शेवटचे वाक्य छापील करारात नसेल तर पेनाने लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पावतीवर उपसण्याचा खर्च स्वतंत्र दाखवायला सांगावे. उपसण्याचे पैसे भाड्यात मिसळले की ते वाचवण्याकडे कल होतो. मग गाडी येत नाही, बादली आणि माणूस येतो.

पदयात्रा संघांची स्वतःची ट्रॉली असेल तर दर महिन्याला एकदा वॉल्व्ह उघड-बंद करावा, टाकीत थोडे पाणी ठेवावे आणि सीलला वर्षातून दोनदा ग्रीस लावावे. निघण्याच्या पंधरा दिवस आधी कागदाची चाचणी घ्यावी. ट्रॉलीच्या वहीत तारीख, काय तपासले, कोणता भाग बदलला, त्याचे माप आणि तपासणाऱ्याची सही एवढे पाच रकाने पुरेत. नवीन कार्यकारिणी आली की हिशेबाच्या वह्यांबरोबर ही वहीही हस्तांतरित करावी.